चंदीच्या सनदा आणि ‘आज्ञापत्र’ : परागंदा राज्याच्या मान्यतेचा प्रश्न

प्रास्ताविक

सप्टेंबर १६९० मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. कंपनीने तो लढून घेतला नव्हता. पैसे मोजून विकत घेतला होता. किल्ल्याबरोबर भोवतालचा मुलूखही मिळाला आणि त्याची सीमा ठरविण्याची रीत मोठी विलक्षण होती. किल्ल्यावरून डागलेल्या मोठ्या तोफेचा गोळा जेथवर जाऊन पडेल, तेथवरची गावे कंपनीची, असे ठरले. या व्यवहारातील विक्रेते छत्रपती राजाराम होते. त्यांचे वडील बंधू छत्रपती संभाजी यांची औरंगजेबाने मार्च १६८९ मध्ये हत्या केली होती. रायगड नोव्हेंबर १६८९ मध्ये पडला होता. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत होते. ज्या जिंजीच्या दरबाराने हा सौदा केला, त्या जिंजीला वेढा घालण्यासाठी झुल्फिकारखानाची फौज त्याच महिन्यात येऊन ठेपली होती.

पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या व्यापारी कंपनीने अशा राजाच्या शिक्क्याच्या कागदासाठी पैसे का मोजावेत, हा प्रश्न वरवर व्यापारी इतिहासाचा वाटतो. वस्तुतः तो राज्यशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचे मराठी रूप आहे. राजधानी गेली, मूळ प्रदेशाचा मोठा भाग शत्रूच्या टाचेखाली आला, राजा शेकडो कोस दूर गेला. अशा स्थितीतही एखादे सरकार ‘सरकार’ म्हणून का ओळखले जाते आणि त्या ओळखीची किंमत कोण मोजतो?

प्रस्तुत लेखात जिंजीपर्वाविषयीच्या दोन प्रसिद्ध मतांची चिकित्सा करून, त्या पर्वाच्या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे वाचन केले आहे. ‘आज्ञापत्रा’तील वतनदारांविषयीचा आणि टोपीकरांविषयीचा इशारा हा परागंदा राज्याने मान्यतेसाठी मोजलेल्या किमतीचा उत्तरकालीन हिशेब आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

१. दोन मते : राष्ट्र आणि अराजक

जिंजीपर्वाचे आधुनिक विवेचन प्रामुख्याने दोन टोकांमध्ये फिरत राहिले आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० मधील इंग्रजी ग्रंथात जिंजीला एक स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांच्या विवेचनाचा केंद्रबिंदू राजा नसून राजाभोवती जमलेली माणसे आहेत. प्रल्हाद निराजी, रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव या मंडळींनी खजिना, सैन्य आणि किल्ले हातचे गेलेले असताना लढा उभा केला. शिवछत्रपतींनी निर्माण केलेली राष्ट्रभावना राजाविनाही टिकून राहते, याचे रानड्यांना हे प्रमाण वाटले. पारतंत्र्याच्या काळात लिहिणाऱ्या विचारवंताने हा अर्थ काढावा, हे स्वाभाविकच होते.

दुसरे टोक सर जदुनाथ सरकार यांचे. औरंगजेबावरील त्यांच्या बृहद्ग्रंथात हे युद्ध लोकयुद्ध बनल्याचे ते मान्य करतात. परंतु औरंगजेबाला ते संपविता आले नाही याचे कारण सांगताना, हल्ला करून नष्ट करावे असे मराठ्यांचे सरकार किंवा राज्याचे असे सैन्यच उरले नव्हते, असा निष्कर्ष काढतात. अनेक सरदार आपापल्या जबाबदारीवर लढत होते. म्हणून एकाचा पराभव हा सर्वांचा पराभव ठरत नव्हता. सरकारांच्या या निरीक्षणात लष्करी तथ्य आहे. संताजी आणि धनाजी यांच्यातील वैर, सरदारांची मनमानी, जिंजी आणि महाराष्ट्र यांच्यातील अंतर या गोष्टी कोणालाही नाकारता येणार नाहीत.

तथापि दोन्ही मतांमध्ये एक समान उणीव आहे. रानड्यांच्या मांडणीत राष्ट्र इतके ठळक होते की राज्ययंत्रणा पुसट होते. सरकारांच्या मांडणीत सैन्याची विस्कळीत अवस्था इतकी ठळक होते की राज्ययंत्रणा नाहीशीच होते. दोघांनीही ‘सरकार होते काय’ हा प्रश्न रणांगणाला विचारला. तो दफ्तराला विचारला, तर निराळे उत्तर मिळते. सरकारच उरले नव्हते, तर तेगनापट्टण कोणी विकले? वतनांच्या सनदांवर शिक्का कोणाचा होता? आणि त्या मिळविण्यासाठी माणसे इतका दूरचा आणि धोक्याचा प्रवास करून जिंजीला का जात होती?

२. मान्यतेची परिभाषा

१९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत : स्थायी लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार आणि अन्य राज्यांशी संबंध प्रस्थापित करण्याची क्षमता. मान्यतेमुळे राज्य निर्माण होते की अगोदरच अस्तित्वात असलेल्या राज्याची मान्यता ही केवळ पोच असते, याविषयी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांमध्ये दीर्घ वाद झाला आहे. सतराव्या शतकातील दक्षिण भारताला ही परिभाषा जशीच्या तशी लावणे कालविपर्यासाचे ठरेल. त्या काळी एक राज्य दुसऱ्याला ‘मान्यता’ जाहीर करीत नसे. मान्यतेची भाषा सनद, फर्मान, कौल, शिक्का, वकील, नजराणा या शब्दांची होती.

त्या भाषेत मान्यतेची दिशाही वेगळी होती. आधुनिक व्यवहारात परागंदा सरकार इतर राज्यांकडे मान्यतेची याचना करते. जिंजीच्या काळात परकी सत्ता, शेजारी राजा किंवा गावचा देशमुख हा राजाकडे कागद मागत असे आणि ती मागणी हीच मान्यता असे. ज्याचा कागद मागितला जातो तो राजा. ज्याच्या कागदाला कोणी विचारीत नाही तो केवळ राजवंशातील पुरुष. म्हणून जिंजीच्या राज्याला मान्यता होती की नाही हे ठरविण्याची कसोटी सरळ आहे : त्याचा कागद कोण मागत होते, कशासाठी मागत होते आणि त्याच वेळी विरुद्ध पक्षाचाही कागद मागत होते काय?

‘परागंदा’ हा शब्दही येथे मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो. जिंजी हा परक्याचा मुलूख नव्हता. शिवछत्रपतींनी १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेत तो किल्ला घेतला होता आणि त्याची तटबंदी मजबूत केली होती. मराठी कागदपत्रांत ‘चंदी’ म्हणून येणारे हे ठाणे संकटकाळचा आसरा म्हणून उपयोगी पडले. तेव्हा राजाराम परक्या दरबाराचे आश्रित नव्हते; मूळ भूमीपासून तुटलेल्या, परंतु स्वतःच्याच सुभ्यात बसलेल्या राज्याचे ते प्रमुख होते. विसाव्या शतकातील परागंदा सरकारांशी तुलना करताना हा भेद विसरता येणार नाही.

३. बाहेरची मान्यता : शेजारी, टोपीकर आणि शत्रू

सप्टेंबर १६८९ च्या अखेरीस राजारामांनी पन्हाळा सोडला आणि वेषांतर करून दक्षिणेची वाट धरली. या प्रवासात त्यांना पहिली बाहेरची मान्यता मिळाली ती केळदीची (बिदनूरची) राणी चन्नम्मा हिच्याकडून. मोगल बादशहाचा रोष पत्करून तिने त्यांना आपल्या मुलुखातून सुखरूप पुढे जाऊ दिले आणि त्यापायी मोगल फौजेशी झगडाही केला. येथे कागद नाही, करार नाही. परंतु पळणाऱ्या राजाला राजा मानण्याची किंमत एका लहान राज्याने स्वतः मोजली. पुढे तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजी राजे हेही जिंजीच्या मदतीला आले. ही मान्यता नात्याची आणि समान संकटाच्या जाणिवेची होती.

टोपीकरांची मान्यता याहून अगदी वेगळ्या जातीची होती. इंग्रज कंपनीने १६८६ नंतर मोगलांशी युद्ध पुकारून पाहिले आणि त्यात ती तोंडघशी पडली. १६९० च्या प्रारंभी तिने औरंगजेबाची क्षमा मागून व्यापाराची परवानगी पुन्हा मिळविली. त्याच वर्षी मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल याने बादशहाच्या कट्टर शत्रूकडून किल्ला विकत घेतला आणि त्याला सेंट डेव्हिडचे नाव दिले. मोगल सेनापतीशीही कंपनीने सलोखा राखला. एका हाताने बादशहाची मर्जी सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने ‘रामराजा’चा कागद घ्यायचा, हे धोरण दुटप्पी खरे, परंतु त्यातून जिंजीच्या सत्तेविषयी एक ठोस गोष्ट सिद्ध होते. त्या किनाऱ्यावर जमीन देण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे आहे, याचा व्यवहारी अंदाज कंपनीने घेतला होता आणि तो अंदाज जिंजीच्या बाजूने होता.

डचांचे उदाहरण आणखी बोलके आहे. पाँडिचेरीत फ्रँस्वा मार्तँ याने फ्रेंच वसाहत उभारली होती. डचांनी तिच्यावरचा अधिकार राजारामांकडून विकत घेतला आणि १६९३ मध्ये पाँडिचेरी जिंकून घेतली. म्हणजे युरोपातील दोन शत्रुराष्ट्रांमधील एका ठाण्याच्या वादात, वेढ्यात अडकलेल्या मराठा राजाचा कागद हे एका पक्षाचे हत्यार बनले. परंतु या मान्यतेची मर्यादाही येथेच उघड होते. १६९७ मध्ये युरोपात रिस्विकचा तह झाला, त्यानुसार पाँडिचेरी फ्रेंचांना परत द्यावयाचे ठरले आणि १६९९ मध्ये ते परत गेले. हा निर्णय घेताना जिंजीच्या राजाचे मत कोणी विचारले नाही. घेण्यासाठी त्याचा कागद हवा होता. परत देण्यासाठी तो नको होता. टोपीकरांच्या लेखी जिंजीची मान्यता ही गरजेपुरती होती.

तिसरी मान्यता शत्रूची. १६९२ च्या अखेरीस धनाजी आणि संताजी दक्षिणेत उतरल्यावर वेढा घालणारेच वेढले गेले. कांचीचा फौजदार अली मर्दानखान संताजीच्या हाती सापडला. मोगल छावणीतील शाहजादा कामबक्ष याने जिंजीशी गुप्तपणे बोलणी चालविली आणि असदखान व झुल्फिकारखान यांना त्यालाच कैद करावे लागले. अखेरीस झुल्फिकारखानाने मराठ्यांशी समजूत करून वांदिवाशपर्यंत माघार घेतली. ज्याला बंडखोर म्हणावयाचे, त्याच्याशी बादशहाचा मुलगा आणि सेनापती तडजोड करीत होते. यात कायदेशीर मान्यता नाही; पण ज्याच्याशी तह केला म्हणजे तो पाळला जाईल अशी अपेक्षा ठेवता येते, असे एक सरकार समोर आहे, याची ती कबुली होती. सरकारांच्या निष्कर्षाला सर्वांत मोठे आव्हान मोगल छावणीतूनच मिळते ते असे.

४. घरची मान्यता : वतने आणि सनदा

बाहेरच्या मान्यतेपेक्षा घरची मान्यता अधिक निर्णायक होती आणि ती मिळविणे अधिक कठीण होते. औरंगजेबाने बाल शाहूला कैदेत ठेवले, पण त्याला राजा ही पदवी आणि सात हजारी मनसबही दिली. त्यामुळे मराठी राज्याच्या गादीवरचा एक दावेदार बादशहाच्या हाती होता. त्याच वेळी मोगलांकडून मराठा सरदारांना मनसबी आणि जहागिरी देऊ केल्या जात होत्या. घरी राहून लढावे तर गाव जळणार. मोगलांकडे जावे तर वतन शाबूत राहणार, असा पेच देशमुख-पाटलांपुढे होता. अशा वेळी केवळ निष्ठेच्या आवाहनाने राज्य चालले नसते.

जिंजीच्या दरबाराने याला दोन उपाय योजले. पहिला उपाय संस्थात्मक होता. राजारामांनी जिंजीला अष्टप्रधान नेमून दरबार उभा केला. प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निर्माण केले. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन सोपविला. राजा एका ठिकाणी आणि हुकूमत दुसऱ्या ठिकाणी, अशी ही द्विकेंद्री रचना होती. केशव पंडितांनी राजारामांच्या जिंजीप्रवासावर ‘राजारामचरितम्’ हे संस्कृत काव्य रचले. वा. सी. बेंद्रे यांनी ते १९३१ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्याकडे केवळ स्तुतिकाव्य म्हणून पाहणे अपुरे ठरते. ज्याचे चरित्र संस्कृतात गाइले जाते तो पळालेला राजपुत्र नसून अभिषिक्त परंपरेचा राजा आहे, हे सांगण्याचे ते एक साधन होते.

दुसरा उपाय वतनांचा. शिवछत्रपतींनी सरदारांना वंशपरंपरागत जमिनी देण्याचे धोरण कटाक्षाने टाळले होते; रोख वेतनावर त्यांचा भर होता. जिंजीच्या सरकारकडे रोख पैसा नव्हता. होता तो शिक्का. त्यामुळे वतने, इनामे आणि सरंजाम यांची आश्वासने देऊन माणसे बांधून ठेवणे भाग पडले. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेली सनद या धोरणाचा सुप्रसिद्ध नमुना आहे. तीत महाराष्ट्र, रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली अशा टप्प्याटप्प्याच्या विजयांशी द्रव्याची आश्वासने जोडलेली आहेत. आपली राजधानीही हातात नसलेले सरकार दिल्ली घेतल्यानंतरच्या बक्षिसाचा आकडा लिहून देते, याचे आजच्या वाचकाला हसू येईल. परंतु सनद घेणाऱ्याने ती हसण्यावारी नेली नाही. परागंदा सरकारचे चलन म्हणजे भविष्यकाळ असतो. ते चलन कोणी स्वीकारतो तोपर्यंत ते सरकार असते.

मात्र या चलनाला किंमत होती. एकाच वतनावर दोन दावेदार. एकाकडे मोगलांचा कागद, दुसऱ्याकडे जिंजीचा. कधी एकाच घराण्याकडे दोन्ही. निष्ठा सनदेपुरती आणि सनद मुलूख हाती असेपर्यंत, अशी साखळी तयार झाली. जिंजीचा किल्ला १६९८ च्या प्रारंभी पडला. राजाराम त्याआधीच निसटून महाराष्ट्रात परतले आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निवर्तले. राज्य टिकले. पण जे राज्य टिकले ते १६८० मधील राज्याहून रचनेने निराळे होते.

५. ‘आज्ञापत्रा’चे वाचन

हा बदल ज्यांच्या हातून झाला आणि ज्यांना तो सर्वांत जास्त बोचला असावा, ते रामचंद्रपंत अमात्य. शिवकाळापासून सेवेत असलेला, जिंजीकाळात महाराष्ट्रातील राज्य सांभाळणारा आणि पुढे ताराबाई व कोल्हापूरचे संभाजी यांच्या दरबारांत वावरलेला हा मुत्सद्दी. त्यांच्या नावाशी निगडित ‘आज्ञापत्र’ इ.स. १७१५-१६ च्या सुमाराचे. राजा, प्रधान, साहुकार, वतनदार, वृत्ती, दुर्ग, आरमार अशा विषयांची त्यात क्रमाने मांडणी आहे. मराठी राजनीतीवरील आद्य ग्रंथ म्हणून त्याचे स्थान निर्विवाद आहे. अभ्यासक्रमांतून ते बहुधा शिवकालीन धोरणाचा आरसा म्हणून शिकविले जाते. हे वाचन चुकीचे नाही, पण एकांगी आहे. ग्रंथकर्त्याने शिवकाळ पाहिला होता तसाच चंदीचा काळही भोगला होता, हे त्यात विसरले जाते.

वतनदारांविषयीचा भाग पाहावा. वतनदार हे राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी आहेत. जवळच्या तुटपुंज्या बळावर स्वतंत्र राजासारखे वागण्याची त्यांची वृत्ती असते. परचक्र आले की वतनाच्या लोभाने ते शत्रूला आधी भेटतात. म्हणून त्यांना स्नेहाने आणि धाकाने, दोन्ही रीतींनी, मर्यादेत ठेवावे, असा त्याचा आशय आहे. सेवेच्या मोबदल्यात नवी वृत्ती देऊ नये, कारण दिलेली जमीन राज्यातून कायमची वजा होते, हेही तेथे बजावलेले आहे. हे सारे शिवकालीन धोरणाशी सुसंगत आहे. परंतु परचक्र येताच वतनदार काय करतात, याचे इतके बारीक निरीक्षण केवळ तत्त्वचिंतनातून येत नाही. १६८९ नंतरच्या दहा वर्षांत हुकूमतपन्हा म्हणून ज्याने हेच वतनदार सनदा देऊन थोपविले, त्याच्या अनुभवाचा तो अर्क आहे. नियम सांगणाराच नियमभंगाचा साक्षीदार होता, नव्हे कर्ताही होता.

टोपीकरांविषयीचा भाग साहुकारांच्या प्रकरणात येतो. साहुकार हे राज्याची शोभा, त्यांच्यामुळे राज्य आबाद होते, असे सांगून झाल्यावर ग्रंथकार फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार या लोकांना वेगळे काढतो. हे इतर व्यापाऱ्यांसारखे नाहीत. यांच्या मागे राजे आहेत. व्यापाराच्या निमित्ताने आले तरी यांना राज्याचा लोभ आहे. हाती आलेली जागा हे लोक जीव गेला तरी सोडणार नाहीत. म्हणून यांना येऊ-जाऊ द्यावे, पण वखारीसाठी समुद्रकिनारी आणि खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. कारण आरमार, तोफा आणि दारूगोळा हे यांचे बळ असून तशा ठिकाणी नवा किल्लाच उभा राहतो, असा हा इशारा आहे. पुढील शतकाचा इतिहास पाहता हे द्रष्टेपण थक्क करणारे आहे आणि म्हणूनच तो भाग वारंवार उद्धृत होतो.

परंतु द्रष्टेपण म्हणून गौरव करताना एक साधी गोष्ट नजरेआड होते. हा इशारा लिहिला जाण्याच्या पंचवीस वर्षे अगोदर त्याच राज्याने समुद्रकिनाऱ्यावरचा बांधलेला किल्ला, तोफेच्या टप्प्यातील गावांसह, इंग्रजांना विकला होता. वखारीसाठी मोकळी जागासुद्धा देऊ नये असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या मागे प्रत्यक्ष किल्ला देऊन टाकल्याचा व्यवहार उभा आहे. उपदेशग्रंथाच्या रीतीप्रमाणे ‘आज्ञापत्र’ सामान्य नियम सांगते आणि दोष कोणाच्या माथी मारीत नाही. तथापि वाचकाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर एक दुसऱ्याची दुरुस्ती आहे असे दिसते.

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. टोपीकरांविषयीची सावधगिरी कोकणच्या अनुभवातूनही आलेली असू शकते. मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांच्याशी मराठ्यांचा संबंध जिंजीपेक्षा जुना होता. तसेच वतनदारांविषयीची चीड ही कोल्हापूर आणि सातारा या दोन गाद्यांमधील झगड्यातून, शाहूंकडे वळणाऱ्या सरदारांच्या वर्तनातून आलेली असू शकते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. जिंजी हा ‘आज्ञापत्रा’चा एकमेव उगम आहे, असा दावा करता येणार नाही. परंतु दुसरा आक्षेप मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. सरदार दोन गाद्यांमधून निवड करू शकत होते, कारण गादी ही सनद देणारी आणि सनद ही निष्ठेची किंमत, हा व्यवहार जिंजीकाळातच रूढ झाला होता. १७०७ नंतरची दुही ही त्या सवयीची पुढची पायरी होती.

असे वाचले असता ‘आज्ञापत्रा’तील भूतकाळाचा गौरव आणि भविष्यासाठीचा इशारा यांच्या मध्ये एक न उच्चारलेला वर्तमान दिसू लागतो. राज्य टिकविण्यासाठी जे करावे लागले, तेच राज्य पोखरू शकते, हे ग्रंथकर्त्याला कळले होते. त्याने पश्चात्ताप लिहिला नाही, नियम लिहिला. कर्त्या मुत्सद्द्याच्या आत्मपरीक्षणाची हीच भाषा असते.

६. विसाव्या शतकाच्या प्रकाशात

जिंजीचा अनुभव एकाकी नाही, हे विसाव्या शतकातील उदाहरणांवरून स्पष्ट होते. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन केले. त्याच्या मंत्रिमंडळात जगन्नाथराव भोसले हे मराठी सेनाधिकारी होते. जपानने दोनच दिवसांत मान्यता दिली. जर्मनी, इटली आणि त्यांच्या गोटातील अन्य राज्यांनीही ती दिली. अंदमान-निकोबार बेटे या सरकारला देण्यात आल्याचे जाहीर झाले, परंतु बेटांवरचा खरा ताबा जपानी लष्कराकडेच राहिला. मान्यता देणाराच प्रदेशाचा धनी राहिला, तर मान्यता किती पोकळ राहते, याचे हे उदाहरण आहे. तरीही १९४५ च्या लाल किल्ल्यातील खटल्यात भुलाभाई देसाई यांनी याच मान्यतेच्या आधारे आझाद हिंद सेनेला युद्धमान पक्षाचे हक्क होते, असा युक्तिवाद उभा केला. युद्धात निरुपयोगी ठरलेला कागद न्यायालयात उपयोगी पडला.

पोलंडच्या लंडनस्थित सरकारचा अनुभव उलट होता. सारे युद्ध मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढूनही जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्याची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. रिस्विकच्या तहात जिंजीला जे आले तेच याल्टानंतर पोलंडच्या वाट्याला आले. थोरांच्या समझोत्यात परागंद्याचा कागद रद्द होतो. बांगलादेशाच्या मुजीबनगर सरकारने १७ एप्रिल १९७१ रोजी शपथ घेतली. भारताने त्याला आश्रय आणि साहाय्य दिले, पण औपचारिक मान्यता ६ डिसेंबर १९७१ रोजी, युद्ध सुरू झाल्यानंतरच दिली. मान्यतेचा उच्चार हा युद्धाचाच भाग असतो आणि तो केव्हा करावयाचा हे देणाऱ्याच्या सोयीवर ठरते.

या तिन्ही उदाहरणांच्या तुलनेत जिंजीचे वैशिष्ट्य उठून दिसते. राजारामांना कोणत्याही महासत्तेने पाठीशी घातले नव्हते. त्यांची मान्यता त्यांच्या शिक्क्याला असलेल्या मागणीतून आली होती. म्हणून ती कोणाला एका सहीने काढून घेता आली नाही. पण म्हणूनच तिची किंमतही दुसऱ्या कोणी भरली नाही. ती राज्याच्या जमिनीतून आणि अधिकारातून भरली गेली.

७. समारोप

रानड्यांचे राष्ट्र आणि सरकारांचे अराजक या दोहोंच्या मध्ये जिंजीचे सरकार उभे आहे. ते होते, कारण त्याचा कागद शेजाऱ्यांनी, परक्यांनी, शत्रूंनी आणि स्वकीयांनी मागितला. ते दुबळे होते; कारण कागदाखेरीज देण्यासारखे त्याच्याजवळ फारसे काही नव्हते. या दोन्ही विधानांचा एकत्रित अर्थ ‘आज्ञापत्रा’ला ठाऊक आहे.

विदर्भाच्या वाचकाला हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात परतल्यावर राजारामांनी १६९९ मध्ये परसोजी भोसले यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि वऱ्हाड-गोंडवनातील हक्क दिले. तेव्हा हा मुलूखही मराठ्यांच्या हाती नव्हता. घोरपड्यांच्या सनदेतील दिल्लीप्रमाणेच तो भविष्यकाळ होता. फरक इतकाच की हा भविष्यकाळ खरा ठरला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैनगंगेचे खोरे, त्यातील पवनी आणि भंडारा धरून, नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. पवनीच्या जुन्या तटाखालून जाणारा अभ्यासक त्या तटात प्राचीन नगराच्या, गोंडकाळाच्या आणि भोसलेकाळाच्या खुणा शोधतो. त्यांतील शेवटच्या थराचे मूळ परागंदा दरबाराने रूढ केलेल्या या सनदेच्या व्यवहारात आहे.

त्या कथेचा शेवट मात्र दुसऱ्या सनदेपाशी होतो. तेगनापट्टणचा सेंट डेव्हिड किल्ला १७४६ मध्ये मद्रास फ्रेंचांच्या हाती गेल्यावर इंग्रजांचे कोरोमंडलवरील मुख्य ठाणे बनला. तेथूनच कंपनीने दक्षिणेतील पुढील युद्धे चालविली. ज्या कंपनीने १६९० मध्ये परागंदा राजाचा शिक्का ग्राह्य मानून किल्ला घेतला, तिनेच डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारल्यावर नागपूरच्या घराण्याचे दत्तकविधान अमान्य केले आणि राज्य खालसा केले. मान्यता मागणारा मान्यता देणारा झाला होता. या दोन तारखांमधील अंतर केवळ लष्करी विजयांनी मोजून पुरत नाही. समुद्रकिनाऱ्यावर पहिली जागा कोणत्या गरजेपोटी दिली गेली, हेही त्यात मोजावे लागते. ‘आज्ञापत्रा’ने ते मोजले होते. त्याचे वाचन द्रष्ट्याचे भाकीत म्हणून करण्यापेक्षा, राज्य वाचविणाऱ्याने मांडलेला खर्चाचा ताळेबंद म्हणून करणे अधिक न्याय्य ठरेल.